वाटाड्या पुस्तकाचं कूळ

वीर स्टेशनवर उतरून महाडच्या बाजूला रमतगमत भटकायचं म्हटलं की आपण एखादं वाट दाखवणारं पुस्तक शोधतो. या पुस्तकांचं कूळ सगळे विलायतेत नेऊन पोचवतात. 1859 साली निघालेलं मरेचं मुंबई इलाख्याचं हँडबुक, 1883 चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर, मग गोनीदा, हरीश कपाडिया, प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे. वंशावळ सरळ दिसते, पण मला ती पटत नाही.

माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष चौदाव्या शतकातला आहे: मुनिव्यास कोठी यांची महानुभावी ‘स्थानपोथी’. वि. भि. कोलते यांनी ती संपादून छापली. चक्रधरस्वामी जिथं जिथं बसले, जेवले, निजले, त्या जागा भक्तांना सापडाव्यात एवढ्यासाठी ती लिहिली गेली. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचं तोंड कुणीकडे, पटिशाळेच्या, म्हणजे ओवरीच्या, कोणत्या बाजूला आसन, सगळं तीत येतं. स्वामी लघुशंकेला कुठं गेले, ती परिश्रयस्थानंही गाळलेली नाहीत. पायी येणारा माणूस गावाच्या वेशीवर उभा आहे आणि त्याला नेमक्या ओट्यापर्यंत पोचवायचं आहे, हे भान तिच्यात शेवटपर्यंत टिकून आहे.

आता गॅझेटिअर घ्या. महाडजवळच्या पाले गावची लेणी, म्हणजे आजची गांधारपाले, त्यात आहेत. महाडपासूनचं अंतर, लेण्यांची संख्या, एकेका लेण्याची फुटांतली मापं, शिलालेख, सगळं चोख. हे काम मोठंच आहे. पण ते कचेरीत बसून जिल्हा समजून घेणाऱ्या साहेबासाठी झालं. हायवेवरून पायऱ्या कुठं सुरू होतात आणि वर गेल्यावर गांधारी नदी कुणीकडे दिसते, हे ज्याला हवं त्याची नाळ स्थानपोथीशीच जुळते.

यावर एक खणखणीत आक्षेप आहे. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत, पंथाबाहेरच्याला वाचता येऊ नयेत अशाच लिहिलेल्या. पाचेकशे वर्षं ज्यांनी पोथी पाहिलीच नाही, त्यांनी तिचा वारसा घेतला कसा? आक्षेप वजनदार आहे, तरी मी मागे हटत नाही. पोथी बंद होती, पण सांगण्याची रीत उघड होती. आड, वड, देऊळ, डावी सोंड, उजवी खिंड, अशा खुणांनीच गावोगावचे वाटाडे रस्ता सांगत आले. मुनिव्यासांनी तीच रीत कागदावर उतरवली, आणि डोंगरवाटांची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ती पुन्हा गावकऱ्यांच्या तोंडून उचलली. दोन्हीकडचा झरा एकच. गॅझेटिअरवाल्यांनाही स्थानिक कारभाऱ्यांकडूनच माहिती घ्यावी लागली, तेव्हा त्यांच्याही पानांत ही रीत थोडीफार झिरपली असणारच.

आणि सकळ लिपीचं कुलूप काढलं ते विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी. त्यांचा जन्म 1863 चा, पेण तालुक्यातल्या वरसईचा, म्हणजे महाडच्याच जिल्ह्यातला! दप्तरांच्या शोधात गावोगाव वणवण केलेल्या माणसाच्या हाती ही किल्ली लागावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून वीरच्या आसपासचं पुस्तक निवडताना मी किल्ल्यांची पानं मागे ठेवतो. रायगड सगळ्यांतच असतो. मी आधी दासगाव उघडतो. 25 डिसेंबर 1927 रोजी सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर बोटीने दासगावच्या बंदरात उतरले, आणि तिथं जमलेले सत्याग्रही पायी महाडला गेले. त्याच दिवशी महाडात मनुस्मृती जाळली गेली. कोण कुठं उतरलं, कुठून कुठं चाललं, हे टिपणं स्थानपोथीच्या रक्तातलं आहे. आज त्या बाजूला हायवेवर ट्रकांची रीघ असते. अशा वेळी बंदराकडे जाणारी गावातली वाट जे पुस्तक खुणांसकट सांगतं, ते मी घेतो, त्याचे फोटो कितीही पुसट असोत.