जिरेटोपातलं ‘जिरे’

फेब्रुवारी लागला की धुळ्याच्या आग्रा रोडवर आणि जळगावच्या फुले मार्केटात भगवे टोप टांगलेले दिसू लागतात. आत पुठ्ठा, वर साटीन, मोत्यांच्या माळा, मागे इलॅस्टिक. १९ तारखेच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी पोरं हट्टाने तो घ्यायला लावतात. दुकानदार त्याला जिरेटोप म्हणतो, आईही तेच म्हणते. गेल्या वर्षी शेजारच्या चौथीतल्या मुलाने मला विचारलं, “काका, यात जिरं कुठे असतं?”

प्रश्न रास्त होता. फोडणीतल्या जिऱ्याशी या शब्दाचं नातं नाही. इथलं ‘जिरे’ म्हणजे फारसीतलं ‘जिरह’, लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेलं जाळीचं चिलखत. तशी जाळी ज्याच्या काठाला लोंबते तो जिरेटोप. डोक्यावर पोलादी वाटी, तिच्यावर तुरे खोचायच्या नळ्या, पुढे वर-खाली सरकणारी नाकपट्टी, आणि कान, मान, खांदे झाकणारी ती जाळी. ज्या अंगावरून वस्तूला नाव पडलं, नेमकं तेच अंग आजच्या टोपात उरलेलं नाही.

खानदेशाला फारसी नवी नव्हती. इथल्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तापीकाठचं थाळनेर. त्यांच्या कबरी आजही तिथे उभ्या आहेत. त्यांचं राज्य अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला तेव्हा संपलं. त्या वेढ्यात फारुकींच्या बाजूने सात पोर्तुगीज लढत होते, असं जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात आहे. अशा परदेश्यांना मराठीने त्यांच्या डोक्यावरूनच नाव दिलं: टोपीकर.

त्या टोपीकरांच्या मुलखातलं जुनं शिरस्त्राण सापडलं, तर त्याचं वय ठरवायला ही जाळीच कामी येते. चौदाव्या शतकातल्या ‘बॅसिनेट’ नावाच्या टोपाच्या काठाला बारीक डोळे ठोकलेले असतात. जाळीची चामडी पट्टी त्यांत अडकवत. पंधराव्या शतकात गळ्याभोवती सबंध पत्रा आला आणि जाळी मागे पडली. त्यामुळे डोळ्यांची रांग दिसली की जाणकाराला शतकाचा अंदाज येतो.

आपल्याकडे हा हिशेब लागू पडत नाही. इथे काठाच्या भोकांतून कड्या थेट ओवत आणि ती रीत अठराव्या शतकातही चालू होती. म्हणून नुसती जाळी पाहून भागत नाही, एकेक कडी पाहावी लागते. लढाईच्या जाळीत कडीची टोकं चेपून, एकावर एक ठेवून, रिवेट मारलेली असतात. नुसती भिडवून सोडलेली असतील तर तो टोप बहुधा उशिराचा, मिरवायचा. अर्थात, वस्तूवर लेख असला तर त्यासारखा पुरावा नाही. बिकानेरच्या अनुपसिंहाने सतराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमधल्या अदोणीहून शस्त्रं आणि चिलखतं नेली. त्यांवर नागरी अक्षरांत ठिपक्याठिपक्यांनी तशी नोंद कोरलेली आहे. ती वाचली की ते दख्खनी काम त्याआधीचं, एवढं पक्कं होतं. अशी नोंद करून ठेवणाऱ्या त्या अनाम कारकुनाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

मग लोखंडाचं नाव कापडावर कसं आलं? शिवाजी महाराजांच्या हयातीच्या आसपासची, गोवळकोंड्याच्या शैलीतली जी चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत, त्यांत त्यांच्या डोक्यावर पगडी आहे. तुरा आणि मोती आहेत, लोखंड नाही. बाजारातला टोप याच पगडीच्या वळणाचा, फक्त त्याला नाव मिळालं रणातल्या टोपाचं. पगडीखाली लोखंडी टोप घालायची चाल होतीच. ही अदलाबदल तिथेच झाली असावी, असं मला वाटतं.

त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. खिशातून किल्ल्यांची जुडी काढली आणि तिची कडी त्याच्या हातात दिली. म्हटलं, याहून लहान अशा हजारो कड्या एकमेकींत अडकवल्या, की ते जिरे. त्याने कडी बराच वेळ फिरवून पाहिली. मग टोप उलटा केला आणि मागचं इलॅस्टिक ताणून पाहिलं.