फटफटीचा गळा

मोटारसायकलला 'फटफटी' म्हणणारा पहिला मराठी माणूस कोण, ते ठाऊक नाही. पण तो कानाचा पक्का असावा. इंग्रजाने मोटार पाहिली, सायकल पाहिली आणि दोन्हींची मोट बांधली. आपण डोळे मिटले आणि जे ऐकू आले तेच नाव ठेवले! तेव्हा जळगावच्या नाही तर धुळ्याच्या एखाद्या पोराने गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा सायलेन्सर बदलला, तर त्याला एकट्याला काय म्हणून दोष द्यायचा? फटफट काढून टाकली तर मागे नुसती वेलांटी उरते.

वास्तविक सायलेन्सर हा मुळात सज्जन गृहस्थ. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतात रीव्ह्ज नावाच्या दोघा भावांनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचे पेटंट घेतले. पुढे हिराम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि तीच युक्ती इंजिनांनाही लावली. याचे वडील कोण, तर मशीनगनचे जनक हिराम मॅक्सिम! बापाने जन्मभर धडाडधूम केले, म्हातारपणी स्वतःच बहिरे झाले. आणि मुलगा आवाज गप्प करण्याच्या धंद्यात पडला. बापलेकांचे पटत नाही, ही तक्रार केवळ आपल्याकडचीच नाही.

आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासला बुलेट जुळू लागली ती लष्करासाठी. 'बंदुकीसारखी घडवलेली' हे त्या कंपनीचे जुने घोषवाक्य, त्यामुळे नंतरच्या मालकांनी तिच्यातून बारही काढले तर नवल नाही. मग म्हैसूरची जावा आली. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, जणू एका पगारावर दोन संसार! राजदूत आली ती मात्र खेडोपाडी दुधाचे कॅन वाहण्यातच म्हातारी झाली. आणि १९८५ साली आली यामाहा आरएक्स १००. आम्ही बी.कॉम. करत होतो तेव्हा ती अंगात आल्यासारखी कॉलेजच्या फाटकातून शिरायची. तिच्यावर बसलेल्या पोराला नफा-तोटा पत्रक येत नसे, पण वर्गातल्या मुली मान वळवून त्याच्याकडेच बघत.

या टू-स्ट्रोक गाडीच्या पाइपाची हकीकत मोठी नामी आहे. तिच्या इंजिनात जळालेला धूर बाहेर जातो त्याच दाराने थोडे ताजे पेट्रोलही निसटते. म्हणजे फाटक्या नोटांबरोबर नव्या ठेवीही बँकेबाहेर! पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेनने मधेच फुगीर आणि टोकाला निमुळता असा पाइप पक्का बसवला. आवाजाची लाट त्यात आपटून मागे फिरते आणि निसटलेला माल पुन्हा आत ढकलते. दाराशी बसलेल्या आमच्या शिपायानेही इतकी निष्ठा कधी दाखवलेली नाही. १९६१ मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीनंतर काडेनचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीला ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवून दिले. एका नळीसाठी माणसाने देश सोडला! आणि आमची पोरे तीच नळी चौकातल्या वेल्डरकडून दहा मिनिटांत कापून आणत. गाडी ओरडे जास्त, ओढे कमी. पण हे त्यांना पटवणार कोण? आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असा समज आपल्याकडे सभेच्या व्यासपीठावरही आहेच.

बुलेटच्या सायलेन्सरांची तर नावेच ऐकावीत! 'पंजाब', 'डॉल्फिन', 'इंदोरी', 'गोल्डस्टार'. इंदूर आग्रा रोडवर पुढे आहे, तेव्हा धुळेकरांना ते माहेरघरासारखे. गोल्डस्टार हे नाव बीएसए या इंग्रजी गाडीचे. सोन्याच्या बाजारपेठेचा अभिमान बाळगणाऱ्या जळगावात ते खपले, यात विशेष काय?

आमच्या शाखेतल्या वाहनकर्जाच्या फायलीत गाडी असते, विमा असतो, जामीनदार असतो, सायलेन्सर नसतो. तो रोखीने घेतला जातो. हप्ता थकतो, सायलेन्सर थकत नाही. पारोळ्याकडचा एक कर्जदार चौकात आला की आमच्या साहेबांना खुर्चीतच कळायचे. त्यालाही हे कळत असावे. शाखा आली की तो गाडी बंद करून, खाली उतरून, ढकलत पुढे न्यायचा. आमच्या वसुलीच्या इतिहासात शांततेचे ते एवढेच दोन मिनिट.

कायदा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आवाजाला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ठिकठिकाणचे पोलीस जप्त सायलेन्सर ओळीने रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. सायलेन्सर पूर्णपणे गप्प बसल्याचा तो एकच प्रसंग. मला कायदा मान्य आहे. आमच्या गल्लीतल्या एका आजींना इस्पितळातून घरी आणले त्याच रात्री साडेअकराला एक बुलेट दारावरून फुटत गेली, आणि त्या पहाटेपर्यंत छातीवर हात ठेवून बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला गाठले. केळीवाल्याचा मुलगा, तिशी उलटलेली. निमूट ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, केळीला भाव नाही, शेतकरी म्हणून पोरगी कोणी देत नाही. आवाज नसला तर मी आलो काय नि गेलो काय, कोणाला कळतं?" याला बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात उत्तर नव्हते. आजींचे नाव घेतल्यावर मात्र त्याने मान खाली घातली, आणि आठवड्याभरात कंपनीचा जुना सायलेन्सर परत बसला.

आता विजेच्या गाड्या आल्यात. धूर नाही म्हणून पाइप नाही, पाइप नाही म्हणून सायलेन्सर नाही. तरी २०१९ मध्ये आलेल्या रिव्हॉल्ट गाडीत कंपनीने स्पीकर बसवला आणि मोबाइलवरून हवा तो फटफटाट निवडायची सोय केली. मी हे आमच्या मेकॅनिकला कौतुकाने सांगितले. त्याने हातातला पाना खाली ठेवला, थोडा विचार केला आणि विचारले,

"त्याम्हा मोठा स्पीकर बसाडता येस का, भाऊ?"