मरीआईचा गाडा आणि हाजींची आगबोट

मागच्या व्याख्यानानंतर एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. मुलाने त्यांना आणि यजमानांना मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट भेट दिलं आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘सर, तुम्ही साथींचा इतिहास सांगता, मग एवढंच सांगा, हजार-दीड हजार माणसं एका बोटीवर, एकाच जागी जेवणार, तिथे आजारी न पडता परत यायचं कसं?’ मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र वाटलं, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या माणसांना नवा नाही. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरी सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच गल्ल्यांतली माणसं बोटीवर चढत होती आणि त्यातली काही परत येत नव्हती. ती सहलीला नव्हे, हजला जात होती. आज त्या बोटींबद्दल बोलू.

आधी रस्ता डोळ्यांसमोर आणा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावं मनमाडला जोडली गेली. मनमाडला उतरायचं, मोठ्या गाडीत बसायचं, की मुंबई. लातूरकडच्यांना आणखी थोडी वाट बघावी लागली. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. लातूरहून कुर्डुवाडी, तिथे गाडी बदलून मुंबई. मुंबईत मुसाफिरखान्यात दाटीवाटीने राहून बोटीची वाट बघायची. कधी बोट चार दिवसांत मिळे, कधी कितीतरी दिवस लागत. माणूस बोटीवर आजारी पडायचा असं आपण म्हणतो; पण आजार बऱ्याचदा या वाट बघण्यातच सोबत यायचा.

मी लहान असताना आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध हाजी राहायचे. बोटीने जाऊन आलेले. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. आम्हा पोरांना वाटायचं त्यात खजूर असेल. ते सांगायचे ते मक्केबद्दल कमी आणि कामरानबद्दल जास्त. कामरान म्हणजे काय हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्याकडे येतोच.

बोटीवर काय होतं? वाफेची बोट आली तसा प्रवास स्वस्त झाला. मुंबई ते जेद्दा साधारण दहा-बारा दिवस. गरिबाला डेकवर जागा. तिथेच पथारी, तिथेच चूल, तिथेच आजारी माणूस. पाणी बंदरावर भरून घेतलेलं, टाक्यांत साठवलेलं. कॉलरा, म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या भाषेत पटकी, पाण्यातून पसरतो. टाकीत एकदा घाण गेली की सगळी बोट तेच पाणी पिणार. त्यामुळे कंपनीला डेकवर किती माणसं चढवता येतील, संडास किती असतील, पाणी कुठून येईल या तीन गोष्टींवर माणसाचं मरण-जगणं ठरत होतं.

१८६५ साली मक्केत कॉलरा फुटला. नव्वद हजार यात्रेकरूंपैकी पंधरा हजार दगावले असा त्या काळचा अंदाज आहे. उरलेले सुएझला उतरले, आगगाडीने अलेक्झांड्रियाला गेले आणि तिथून बोटींनी भूमध्य समुद्राच्या बंदराबंदराला. रोग मार्सेलिसला पोचला. युरोप हादरला. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिथे बोट रोखलं गेलं ते हिंदुस्थानच्या यात्रेकरूकडे. कॉलऱ्याचं घर गंगेचं खोरं, आणि तो युरोपच्या दारात आणून ठेवणारा हाजी.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढत. छोटा लाकडी गाडा, त्यात देवी, निंबाचा पाला, नैवेद्य, आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढे ढकलायचा. आपण हसतो. पण इस्तंबूलमध्ये जमलेले सुटाबुटातले डॉक्टर आणि वकील काय करत होते? तेही गाडाच ढकलत होते. रोग आमच्या शिवेत नको, तांबड्या समुद्राच्या त्या टोकाला थांबवा. फरक इतकाच की आपल्या गाड्यात देवी होती आणि त्यांच्या गाड्यात जिवंत माणसं.

इंग्रज सरकार याच्या उलट बाजूला होतं, आणि त्याची कारणंही फार पवित्र नव्हती. क्वारंटाइन म्हणजे व्यापाराला खोळंबा. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम हे तर कॉलरा माणसाकडून माणसाकडे जातो हेच मानायला तयार नव्हते. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं होतं. १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढला. तरी वाद चालूच.

या ओढाताणीतून कामरान जन्मलं. येमेनच्या किनाऱ्याजवळचं एक ओसाड बेट. १८८२ मध्ये तुर्की सरकारने तिथे क्वारंटाइनचं ठाणं उघडलं. हिंदुस्थानातून येणारी प्रत्येक हज बोट आधी तिथे थांबायची. माणसं उतरवायची, अंघोळ घालायची, कपडे वाफेच्या भट्टीत घालायचे. बोटीवर रोग निघाला तर मुक्काम लांबायचा. आणि याचे पैसे यात्रेकरूकडूनच. वाफेच्या भट्टीतून बाहेर आलेल्या कपड्यांचं काय होई ते आमच्या हाजीचाचांच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. चामड्याची चप्पल तर आखडून मुलाच्या पायाची होऊन येई, असं ते सांगत. त्यांच्या सांगण्यात राग नव्हता. अपमान मात्र होता. बायाबापड्यांना परक्यांसमोर रांगेत उभं केलं जाई, ते त्यांना सलत होतं.

या काळातलं एक नाव आपण विसरलो आहोत. डॉ. अब्दुर रझ्झाक. हिंदी डॉक्टर, सरकारी नोकरीतले. १८७८ मध्ये त्यांना यात्रेकरूंबरोबर पाठवलं गेलं, पुढे ते जेद्दाला ब्रिटिशांचे उपवकील झाले. त्यांनी वर्षानुवर्षं अहवाल लिहिले. परिषदांमधली मंडळी नकाशे बघत होती तेव्हा हा माणूस यात्रेकरूंच्या सोबत फिरत होता. १८९५ साली जेद्दाजवळ हल्ल्यात त्यांचा खून झाला.

आणि पर्यटनाचा धागाही इथेच आहे. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हज प्रवासाची व्यवस्था कुणाकडे दिली माहीत आहे? थॉमस कुककडे. हो, तेच, सहलीवाले. हा करार काही वर्षांतच संपला. पण आजच्या क्रूझचं बुकिंग आणि त्या डेकवरची पथारी यांच्यात आपल्याला वाटतं तेवढं अंतर नाही.

१८९४ ला पॅरिसला पुन्हा परिषद झाली, ती मुख्यतः हजवरच. आदल्या वर्षीची, १८९३ ची, साथ फार भयंकर होती. तिथे मात्र बोलणं बदललं. माणसामागे डेकवर जागा किती, गोडं पाणी करणारं यंत्र आहे का, संडास किती, डॉक्टर आहे का. हिंदुस्थान सरकारने १८९५ मध्ये पिलग्रिम शिप्स ॲक्ट केला. शंभराहून जास्त यात्रेकरू असतील तर बोटीवर डॉक्टर हवाच. जागेवरून मात्र घासाघीस चालली. सरकारचं म्हणणं, जागा वाढवली तर तिकीट महागेल आणि गरीब मुसलमान नाराज होतील. कंपन्यांना हे म्हणणं फारच आवडलं, हे सांगायला नको.

माझं मत विचाराल तर कॉलरा कामरानने थांबवला नाही. कामरानने तो काही वेळा पकडला, एवढंच. जे काम केलं ते समुद्राचं पाणी उकळून गोडं करणाऱ्या यंत्राने, संडासाच्या नळाने आणि पुढे लसीने. पण यंत्रासाठी पैसे कंपनीला घालावे लागतात, आणि बेटावर ठेवण्याचे पैसे यात्रेकरू देतो. म्हणून बेट आधी आलं आणि यंत्र मागाहून.

लगेच प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. हे मूळचे गोव्याचे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जायलाच बंदी झाली. हा तोच कायदा, जो मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला.

तुम्ही म्हणाल, बोट मुंबईची, बेट येमेनचं, लातूरचं काय? बार्शी लाइटकडे या. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झालेली ही अडीच फुटी गाडी १९०६ ला पंढरपूरला पोचली आणि १९११ ला लातूरला. म्हणजे लातूरचा वारकरी पंढरपूरला आणि लातूरचा हाजी मुंबईला, दोघंही एकाच छोट्या डब्यातून कुर्डुवाडीपर्यंत. आणि सरकारच्या नजरेत दोघंही सारखेच, रोग घेऊन हिंडणारे. पंढरपूरच्या यात्रेवरही त्या काळात अशीच डोळ्यांत तेल घालून पाळत होती. चंद्रभागेचं पाणी लोक प्यायचे ते खरं. पण लाखभर लोकांना दुसरं पाणी होतं कुठे?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली ती पंढरपूर, कुर्डुवाडी याच वाटेने. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी त्या वेळी लातूरला होतो. स्टेशनबाहेर गर्दीत एक आजोबा म्हणाले, या रुळावरून आमच्या बापजाद्यांनी पटकी आणली म्हणतात, आता पाणी आलं. मी ते तिथेच वहीत टिपून घेतलं.

आता कामरानच्या उत्तरेला, सिनाईच्या किनाऱ्यावर, अल तूर नावाचं दुसरं ठाणं होतं. परतीच्या यात्रेकरूंसाठी. १९०५ साली तिथे दगावलेल्या हाजींच्या शरीरातून फेलिक्स गोटश्लिश यांनी कॉलऱ्याचा एक वेगळा प्रकार वेगळा केला. त्याचं नाव पडलं एल टोर. १९६१ मध्ये इंडोनेशियातून निघालेली कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ याच एल टोरची, आणि १९६४ मध्ये ती भारतात पोचली. त्या जंतूला अजून क्वारंटाइनच्या ठाण्याचं नाव आहे. ज्यांच्या देहातून तो काढला त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

१९५७ पासून सौदी अरेबियाने यात्रेकरूंचं आरोग्य स्वतःच्या हाती घेतलं आणि कामरानचं काम संपलं. बोटी मात्र १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला जात होत्या.

मग २०२० आलं. फेब्रुवारीत योकोहामाला डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ बोट उभी राहिली. ३७११ माणसं, ७१२ बाधित. प्रवासी खोल्यांत बंद, आणि खोल्यांत जेवण पोचवणारे कामगार मात्र एकमेकांच्या शेजारी झोपणारे. १३८ भारतीय होते, त्यातले बहुतेक कामगार. पुन्हा डेकवालाच. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलियावर ६६ जण बाधित निघाले आणि बोट परत मुंबईला आली.

मधे नांदेडही कामरान झालं होतं. लॉकडाऊन लागलं तेव्हा हजूर साहिबला आलेले काही हजार शीख यात्रेकरू इथेच अडकले. एप्रिलच्या अखेरीस बसने पंजाबला गेले, तिथे त्यातले शेकडो बाधित निघाले. पंजाबातले काही म्हणाले, नांदेडने रोग दिला. इथले म्हणाले, बसमध्ये लागला. मी तेव्हा रोज संध्याकाळी बातम्या बघत होतो आणि मला १८६६ ची परिषद आठवत होती. लंगरच्या सेवेकऱ्यांना त्या महिन्यात काय ऐकून घ्यावं लागलं ते इथल्या कुणाला सांगायची गरज नाही.

तर बाईंचा प्रश्न. क्रूझवर आज कॉलऱ्याची भीती नाही. तिथे त्रास देतो तो नोरोव्हायरस. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली, त्यावरून हे नाव. आपण ज्याला ‘गॅस्ट्रो’ म्हणून पेपरात वाचतो, तसंच, उलट्या आणि जुलाब, दोन-तीन दिवस. सॅनिटायझरच्या बाटलीवर विसंबू नका, या विषाणूवर ती फारशी चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, जेवणाआधी आणि संडासानंतर. गरम वाफाळतं खा, तासन्‌तास उघडं ठेवलेलं कापलेलं फळ टाळा. आणि जुलाब झाले तर लपवू नका, बोटीवरच्या डॉक्टरला सांगा आणि खोलीत थांबा. लोक पैसे भरलेत म्हणून लपवतात. हाजीही लपवायचे, कामरानचा मुक्काम वाढेल म्हणून.

आणि जाण्याआधी बोटीवाल्याला विचारा, पाण्याची तपासणी कोण करतं, खोल्या साफ करणारा माणूस आजारी पडला तर त्याला पगारी सुट्टी असते का. अमेरिकेत १९७५ पासून क्रूझ बोटींची तपासणी करून शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा कमी आले की नापास, आणि ते गुण सगळ्यांना बघता येतात. पगारी सुट्टीचा प्रश्न मी सुचवला तेव्हा बाई हसल्या. म्हणाल्या, ‘सर, एवढं विचारलं तर ते माझं तिकीटच रद्द करतील.’