लशीविना लसीकरण : भायखळ्याचा तुरुंग ते को-विन

पेडगाव स्टेशनवर मनमाडकडे जाणारी गाडी धरली की मानवत रोड, सेलू, परतूर करत जालना येते. २ जानेवारी २०२१ रोजी त्या जालना जिल्ह्यात एक वेगळेच लसीकरण झाले. प्रतीक्षा कक्ष होता, ओळखपत्र तपासणारे कर्मचारी होते, लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायची खोलीही होती. फक्त लस नव्हती. प्रत्येक केंद्रावर २५ आरोग्य कर्मचारी ‘लाभार्थी’ म्हणून आले, त्यांची नोंद झाली आणि सुई न टोचताच ते घरी गेले. महाराष्ट्रात त्या दिवशी पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांत हा ‘ड्राय रन’ झाला. देशभरात १२५ जिल्ह्यांत २८६ ठिकाणी तो झाला.

आपल्या नर्सताईंना दंडात सुई टोचायची तालीम कशाला हवी? गोवर, पोलिओ, धनुर्वाताच्या लशी त्या वर्षानुवर्षे देत आल्या आहेत. नवे होते ते ‘को-विन’ नावाचे सॉफ्टवेअर. लशींचा साठा आणि शीतपेटीचे तापमान पाहणारी ‘ई-विन’ ही यंत्रणा आधीपासून होती. तिच्यावरच को-विन उभे केले होते. कोणाला, कुठे, किती वाजता लस मिळणार हे आता ते ठरवणार होते. म्हणजे तपासणी सॉफ्टवेअरची होती. संगणकवाले हिला ‘बीटा टेस्टिंग’ म्हणतात.

वैद्यकीय भाषेत सांगायचे तर औषध आधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासतात. सॉफ्टवेअर बनवणारे आधी आपल्याच कार्यालयात ते वापरून बघतात, ती अल्फा चाचणी. मग ज्यांनी ते बनवले नाही, ज्यांना त्यातल्या खाचाखोचा ठाऊक नाहीत, अशा मोजक्या लोकांच्या हाती ते देतात, ती बीटा चाचणी. सर्वांसाठी खुले करण्याआधी दोष कळावेत हा तिचा उद्देश. आता हे मोजके लोक कसे निवडायचे, त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचे आणि गडबड झाली तर नेमकी कुठे झाली हे कसे शोधायचे? या प्रश्नांना आपल्या मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वीच तोंड द्यावे लागले होते, आणि तेही जीव पणाला लावून.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईला बोलावले. ओडेसात जन्मलेला, पॅरिसला पाश्चर संस्थेत काम केलेला हा माणूस त्याआधी कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जेमतेम जागा मिळाली. तिथे काही महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली, ती सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. तीही पुढे लोकांना द्यायच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. ताप आला, दंड दुखला, आणि त्याची नोंद झाली.

इथपर्यंत झाले ते अल्फा. एका माणसाला लस सोसते एवढेच त्यातून कळले. लस प्लेग टाळते का, हे कळायला प्लेगच्या वाटेवर असलेली माणसे हवी होती. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार झालेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचली गेली आणि साधारण पावणेदोनशे कैदी लशीविना राहिले. अन्न तेच, बराकी त्याच, उंदीर-पिसवाही त्याच. टोचल्याच्या दिवशीच आजारी पडलेल्यांना हिशेबातून बाजूला ठेवले, कारण त्यांच्या अंगात आजार आधीच होता. उरलेल्यांत लस न घेतलेल्या १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, मृत्यू एकही नाही.

टोचलेले आणि न टोचलेले एकाच छताखाली होते, हे मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुलना नसती तर ‘लस दिली आणि साथ ओसरली’ एवढेच म्हणता आले असते, आणि साथ आपोआपही ओसरते. तरी यात एक खोट होती. स्वखुशीने पुढे येणारा माणूस कदाचित मुळातच धडधाकट असतो. हाफकिनच्या हे लक्षात आले असावे, कारण पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एकाला लस दिली गेली. बडोद्याजवळच्या उंधेरा गावात तर एकाच कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना नाही. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीतला कच्चा दुवा दुरुस्त होत गेला.

कैद्याची संमती खरी मानायची का, हा प्रश्न आज कोणतीही नैतिकता समिती विचारेल, आणि विचारायलाच हवा. अधीक्षकासमोर ‘नको’ म्हणणे सोपे नसते. कार्यालयात साहेब म्हणतात, ‘हे नवे अ‍ॅप आपण सगळे वापरून बघू’, तेव्हाही थोडेफार असेच होते. भीतीपोटी होकार देणारा माणूस पुढे दोषही सांगत नाही.

मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. तिचा क्रमांक ५३-एन. कोणाला कोणत्या बाटलीतून दिले हे लिहून ठेवलेले होते, म्हणून दोष एका बाटलीपर्यंत मागे नेता आला. तरी आळ हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला कामावरून दूर केले गेले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे चौकशीतल्या साक्षीत होते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले.

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो तो याचसाठी. ‘अ‍ॅप चालत नाही’ या तक्रारीचा उपयोग शून्य. कोणती आवृत्ती, कोणता फोन, काय दाबले, हे कळले तरच दोष सापडतो. ‘पोट दुखते’ म्हणणाऱ्या रुग्णाला मी चार प्रश्न विचारतो, तसेच हे आहे.

आता परत जालन्याकडे येऊ. २ जानेवारीची तालीम व्यवस्थित झाली, ८ जानेवारीला देशभर आणखी मोठी झाली आणि १६ जानेवारीला खरे लसीकरण सुरू झाले. त्याच दिवशी को-विन अडखळले. लाभार्थ्यांना संदेश वेळेवर गेले नाहीत, काही ठिकाणी फोन करून माणसे बोलवावी लागली, नोंदी हाताने कराव्या लागल्या. महाराष्ट्राने पुढचे दोन दिवस लसीकरण थांबवले. मला हा थांबण्याचा निर्णय योग्यच वाटतो. चाचणीत किंवा सुरुवातीला गडबड दिसली तर थांबण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधीच ठरलेले असावे लागते. पुढे थोड्याच दिवसांत ठरलेली व्यक्ती आली नाही तर यादीतल्या दुसऱ्याला जागेवरच घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये झाली.

तालमीत हे का दिसले नाही? तिथे माणसे २५ होती, खऱ्या केंद्रावर १००. शिवाय ती २५ माणसे आरोग्य खात्यातलीच होती, बोलावलेल्या वेळेला हजर राहणारी. खऱ्या दिवशी कोणी घाबरून आले नाही, कोणाला निरोपच मिळाला नाही. सगळा देश एकाच वेळी बटण दाबतो तेव्हा काय होते, हे पाहायला वेगळी चाचणी लागते. ती उणीव २८ एप्रिलला पुन्हा दिसली. १८ वर्षांवरील सर्वांची नोंदणी दुपारी ४ वाजता उघडली आणि संकेतस्थळ काही वेळ कोलमडले. सावरल्यावर त्या दिवसात एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली हेही सांगितले पाहिजे. बनवणाऱ्यांचे कौतुक करायला माझी हरकत नाही.

माझा खरा आक्षेप चाचणीला कोण नव्हते यावर आहे. पेडगावसारख्या गावातली सासू घ्या. घरात एकच स्मार्टफोन, तोही मुलाच्या खिशात, मुलगा पुण्याला. ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि तीन मिनिटांत तो सांगणार कोण? एका क्रमांकावर चारच जणांची नोंद होत असे, ती मर्यादा सहावर गेली जानेवारी २०२२ मध्ये. को-विन मराठीतून वापरता येऊ लागले ते जून २०२१ मध्ये, म्हणजे लसीकरण सुरू होऊन साडेचार महिने उलटल्यावर. १८ ते ४४ वयाच्या लोकांना सरकारी केंद्रावर थेट जाऊन नाव नोंदवायची मुभा २४ मे रोजी मिळाली. या डिजिटल दरीवर सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र सरकारला प्रश्न विचारले. पहिल्या २५ जणांत अशा दोन सासवा बसवल्या असत्या तर यातल्या बऱ्याच गोष्टी जालन्यातच, पहिल्याच दुपारी कळल्या असत्या.

आशाताईंच्या आणि नर्सताईंच्या फोनवर आरोग्याची नवनवी अ‍ॅप येत राहणार आहेत. तुम्हाला ‘वापरून बघा’ असे कोणी म्हटले तर होकार द्या, पण चार गोष्टी विचारून घ्या. माझी आणि रुग्णांची माहिती कुठे साठणार? अडचण कोणाला सांगायची? जुनी वही चालू ठेवायची का? ठेवाच, महिनाभर तरी, म्हणजे दोन्हींच्या नोंदी ताडून पाहता येतील. आणि हे अ‍ॅप अशा घरात चालवून पाहिले आहे का, जिथे नेटवर्क गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही? अडचण आली की तारीख, वेळ, आवृत्तीचा क्रमांक, काय दाबले आणि काय दिसले, एवढे केसपेपरसारखे लिहून काढा, पडद्याचा फोटो जोडा. नवी आवृत्ती आली की तीच कृती पुन्हा करून बघा, आणि दोष तसाच असेल तर तेही नव्या क्रमांकासह कळवा.