फेअर आइलची रंगीत टोपी

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या मधोमध फेअर आइल नावाचं बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर. चौकटी, फुल्या आणि षटकोन यांच्या रंगीत ओळी असलेली लोकरीची टोपी किंवा स्वेटर जगात कुठेही दिसला, तरी त्याला या बेटाचंच नाव लावतात.

या नक्षीची एक आवडती कुळकथा आहे. 1588 मध्ये इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमारातलं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज या बेटावर आदळून फुटलं. वाचलेले खलाशी काही आठवडे तिथेच अडकले आणि म्हणे त्यांनीच बायकांना या नक्ष्या शिकवल्या. जहाज फुटलं, एवढं खरं. पण बेटावरच्या मूठभर लोकांनाच धान्य पुरेना, त्यात हे शेकडो पाहुणे. अशा वेळी विणकामाचा वर्ग कोण भरवणार? दंतकथा मालाच्या खपाला मात्र सोयीची ठरली.

त्यापेक्षा जमिनीतून निघालेला पुरावा बोलका आहे. 1951 मध्ये शेटलंडमधल्या गनिस्टरजवळ जळणासाठी पीट खणताना दोघांना एका माणसाचं दफन सापडलं. काळ सतराव्या शतकाच्या अखेरीचा. अंगावर लोकरीचे कपडे, दोन टोप्या, हातमोजे आणि एक विणलेली पिशवी. पिशवी करड्या रंगाची, तिच्यावर लाल-पांढऱ्या नक्षीचे पट्टे. आत तीन नाणी : दोन डच, एक स्वीडिश. मला तरी त्या नाण्यांतच उत्तर दिसतं. अशीच दुरंगी वीण नॉर्वेत आणि एस्टोनियातही आहे. जहाजांबरोबर पैसा आला, तशी नक्षीही आली असणार. फेअर आइलचे लोक तर होडी वल्हवत जाणाऱ्या जहाजांना गाठत आणि टोप्या, मोजे देऊन गरजेच्या वस्तू घेत.

कारागिरीचं मर्म हिशेबात आहे. एका ओळीत रंग दोनच. ज्या रंगाची पाळी नाही, तो धागा मागच्या बाजूने सोबत न्यायचा. त्यामुळे कापड दुपदरी होतं आणि ऊब वाढते. शेटलंडी मेंढीची लोकर मुळातच पांढरी, तपकिरी, राखाडी, काळी अशी मिळते. निळ्यासाठी नीळ आणि लालसाठी मंजिष्ठेच्या जातीचं मूळ मात्र बाहेरून आणावं लागे. या नक्षीत दोन-चार ओळींत रंग बदलतो, म्हणून थोडक्या लोकरीतही काम भागतं.

बायका कमरेला घोड्याचे केस भरलेला चामडी पट्टा बांधत. त्याला भोकं असत. एका भोकात सुईचं टोक खोचलं की हात मोकळा. मग पाठीवर पीटची टोपली घेऊन चालता चालताही टाके पडत राहत. मोबदला? शेटलंडचे व्यापारी रोख पैशाऐवजी चहा नाहीतर कापड हातावर ठेवत. ही पद्धत इतकी माजली की 1872 मध्ये तिच्यावर सरकारी चौकशीचा अहवाल निघाला.

पुढे 1922 मध्ये ब्रिटिश युवराज, नंतरचे आठवे एडवर्ड, सेंट अँड्र्यूजला फेअर आइलचा स्वेटर घालून गोल्फ खेळायला उतरले आणि ही नक्षी फॅशन झाली. पोशाखाच्या इतिहासात नाव युवराजांचं राहिलं; विणणाऱ्या बहुतेकींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

तुमच्याकडे स्वेटरमधून उरलेले गुंडे पडून असतील, तर सुरुवात कानटोपीने करा. लोकर सगळी एकाच जाडीची घ्या. एक रंग गडद, एक फिका ठेवा, नाहीतर नक्षी उठत नाही. आणि मागून जाणारा धागा सैल सोडा. तो ओढला गेला, तर टोपी डोक्यात शिरणार नाही.