मॅक्ग्रेगर : एका कुलनामावरील बंदी

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील कुळांविषयीं सामान्य समजूत अशी कीं, कुळ म्हणजे एका पूर्वजाचा वंश, आणि त्याचें कुलचिन्ह म्हणजे त्या वंशांतील प्रत्येकाची वडिलोपार्जित मिळकत. ‘क्लॅन’ हा शब्द ‘संतति’ या अर्थाच्या गेलिक शब्दावरून आलेला असल्यामुळें ही समजूत अधिकच दृढ होते. परंतु इतिहास पाहूं गेल्यास या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा खऱ्या ठरत नाहींत. नायकाच्या जमिनीवर राहणारे व त्याच्या आश्रयास आलेले अनेक लोक, रक्तसंबंध नसतांहि, त्याचें नांव धारण करीत. अशा नांवाचें बळ किती असतें, हें मॅक्ग्रेगर कुळाच्या कथेवरून उत्तम प्रकारें कळून येतें.

ग्लेनोर्की व ग्लेनस्ट्रे हीं या कुळाचीं जुनीं ठिकाणें. वहिवाट त्यांची खरी. पण राजदरबारच्या सनदा हळूहळू शेजारच्या कॅम्बेल घराण्याच्या हातीं गेल्या, आणि मॅक्ग्रेगर आपल्याच खोऱ्यांत उपरे झाले. उपजीविकेचें साधन गेलेल्या लोकांनीं गुरें लुटण्याचा मार्ग धरला, यांत नवल नाहीं. ता. ७ फेब्रुवारी १६०३ रोजीं ग्लेन फ्रुइन येथें त्यांनीं लस येथील कहून घराण्याचा मोठा पराभव केला व पुष्कळ माणसें मारलीं. सहावा जेम्स राजा इंग्लंडचें राज्य स्वीकारण्यासाठीं एडिंबरोहून निघण्याच्या बेतांत होता. तो ता. ५ एप्रिलला निघाला. त्याच्या दोनच दिवस आधीं मंत्रिमंडळानें ‘मॅक्ग्रेगर’ हें नांवच रद्द केलें. यापुढें कोणीं तें धारण केल्यास शिक्षा देहान्ताची!

कुळाचा नायक ॲलास्टर यानें अर्ल ऑफ आर्गाइल याच्यापाशीं शरणागति पत्करली. आपणांस सुखरूप स्कॉटलंडबाहेर इंग्लंडांत पोंचविण्यांत येईल, असें वचन त्यास मिळालें होतें. त्याप्रमाणें त्यास सरहद्दीपलीकडे नेण्यांत आलें, आणि लगेच परत आणून ता. २० जानेवारी १६०४ रोजीं एडिंबरो येथें फांशीं देण्यांत आलें. वचनाचें अक्षर पाळलें गेलें, अर्थ मात्र मारला गेला.

बाकीच्यांनीं मरे, ड्रमंड, ग्रॅहॅम, स्ट्यूअर्ट, इतकेंच नव्हे तर कॅम्बेल हेंहि नांव पत्करलें. प्रसिद्ध रॉब रॉय (१६७१–१७३४) यास आपल्या आईचें कॅम्बेल हेंच नांव लावावें लागलें. १६६१ मध्यें बंदी उठली. १६९३ मध्यें ती पुन्हा लादली गेली. आणि १७७४ मध्यें ती कायमची रद्द झाली. दोन्ही काळ मिळून हीं सुमारें एकशेंचाळीस वर्षें होतात. इतक्या पिढ्यांनंतर तें नांव कोणाच्या ध्यानांतहि राहूं नये, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु बंदी उठल्यावर ८२६ मॅक्ग्रेगरांनीं एका लेखावर सह्या करून जॉन मरे या ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंतील गृहस्थास आपला नायक म्हणून मान्य केलें. त्याच्या घराण्यानें १८२२ मध्यें राजाज्ञेनें मूळ नांव पुन्हा घेतलें.

आतां कुलचिन्हाकडे पाहूं. स्कॉटलंडांत ढालीवरील चिन्ह कुळाचें नसतें. तें एका व्यक्तीचें असतें. १६७२ च्या कायद्यान्वयें त्याची नोंद लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या दप्तरीं करावी लागते, व परवानगीवांचून तें वापरणें हा अपराध ठरतो. सामान्य कुलजनास नायकाचें शिरोचिन्ह पट्टा व बक्कल यांच्या वर्तुळांत लावण्याची मुभा आहे. तो पट्टाच ‘मी या नायकाचा अनुयायी’ असें सांगतो. मॅक्ग्रेगर नायकाच्या ढालीवर मुळांसकट दाखविलेला वृक्ष, त्यावर तिरपी तलवार आणि तिच्या टोंकावर मुकुट आहे. ‘माझें कुळ राजवंशी’ अशा अर्थाचें ब्रीदहि आहे. नवव्या शतकांतील आल्पिन राजाच्या वंशाशीं जोडलेला हा संबंध इतिहाससंशोधकांस मान्य नाहीं. तरीहि ज्या राजसत्तेशीं नातें सांगावें तिनेंच नांव पुसून टाकावें, हा दैवदुर्विलास लक्षांत राहण्यासारखा आहे.

चिन्हाचा अधिकार राजदरबारीं नोंदला जातो, आणि तेथून तो काढूनहि घेतां येतो. नांवाचें तसें झालें नाहीं. कागदोपत्रीं परकें नांव लावणाऱ्या माणसांनीं आपल्या मुलांस खरें नांव घरांत सांगितलें असलें पाहिजे. एरवीं त्या ८२६ सह्या आल्या कोठून? या कुळाचा खरा इतिहास ढालीपेक्षां त्या सह्यांतच अधिक वाचावयास मिळतो.