राजाबाई टॉवर आणि ३९ मिनिटं

राजाबाई टॉवरचा फोटो काढायचा तर सूर्योदयाआधीच जावं. कारण साधं आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारातला हा मनोरा पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे तोंड करून उभा आहे. सूर्य पाठीमागून वर येतो आणि समोरचं सगळं कोरीवकाम सावलीत जातं. त्याआधीची वीसेक मिनिटं मात्र सोन्यासारखी! आकाश गडद निळं नि घड्याळाची तबकडी आतून उजळलेली. मी ट्रायपॉड लावून दोन फोटो घेतो, एक दगडासाठी आणि एक कमी एक्स्पोजरचा, खास तबकडीसाठी. नाहीतर तबकडीचा नुसता पांढरा गोळा होतो, काटे दिसतच नाहीत.

आता गंमत बघा. याच तबकडीच्या उजेडावरून एकेकाळी सरकार आणि विद्यापीठात जुंपली होती.

२८० फुटी मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा (गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत), पैसे प्रेमचंद रायचंद यांचे आणि नाव त्यांच्या आईचं. तेव्हा मुंबईची वेळ मुंबईच्याच सूर्यावरून ठरलेली होती. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लावली. ही वेळ अर्धा तास पुढे. रेल्वे तीच वापरायची, म्हणजे हिशेब सोपा. पण लोकांना काही ते पटेना. विद्यापीठाच्या सिनेटनं ठरवलं, आपल्या घड्याळात मुंबईचीच वेळ राहील. सरकारचं उत्तर काय? मग रात्रीच्या दिवाबत्तीचे पैसे आम्ही देणार नाही! घड्याळ आपल्या मताचं नाही, तर ते अंधारात राहू दे, असा एकूण मामला.

पुढे १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या जुन्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. तरी शहरात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच शहरात दोन वेळा! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना टाइमझोनचे बग नवे नाहीत, पण हा भलताच जुना निघाला.

मला यात नुसता हट्ट दिसत नाही. देशाला एक वेळ हवीच, त्याशिवाय गाड्यांची वेळापत्रकं जुळायची कशी? पण ती वरून हुकूम सोडून आली, कोणाला न विचारता, म्हणून लोक अडून बसले. घड्याळाचा काटा कुठे असावा यापेक्षा तो कोणी फिरवायचा, हा खरा प्रश्न होता.

सूर्यानं मात्र कोणाचंच ऐकलेलं नाही. दिवस-रात्र सारखी असते तेव्हासुद्धा मुंबईत तो सहाला उगवत नाही, साडेसहा-पावणेसात वाजतात. फोटो काढणाऱ्याला तेवढीच जास्त झोप मिळते. तेव्हा गजर लावताना ती ३९ मिनिटं जरूर आठवा.